सीलिअक रोग : नाव, निदान आणि गणना

एखाद्या प्रदेशात सीलिअक रोगाचे प्रमाण किती, हा प्रश्न त्या रोगाच्या नावाच्या इतिहासाशी निगडित आहे. ग्रीक ‘कोइलिया’ म्हणजे उदर. अरेटेअसच्या ग्रंथातील हे नाव सॅम्युएल गी यांनी १८८८ साली पुन्हा रूढ केले आणि वैद्यांची दृष्टी उदरावरच खिळली. गव्हाचे अपकारकत्व डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात दाखविले. पुढे रक्तपरीक्षा उपलब्ध झाल्यावर, अतिसार नसून केवळ रक्तक्षय वा खुंटलेली वाढ असलेले रुग्णही गणनेत आले.

भारतातील २३,३३१ प्रौढांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत रोगाचे प्रमाण दर हजारी उत्तरेत ८.५३, ईशान्येत ४.६६ व दक्षिणेत ०.११ आढळले. आनुवंशिक प्रवणता तिन्ही प्रदेशांत ३१ ते ३८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखी. गव्हाचे दैनिक सेवन मात्र अनुक्रमे ४५५, ३७ व २५ ग्रॅम. यावरून उत्तर-दक्षिण भेद बराचसा उलगडतो; ईशान्येचे प्रमाण मात्र उलगडत नाही.

ही पाहणी लोकवस्तीत जाऊन केलेली होती, हे येथे महत्त्वाचे. रुग्णालयाच्या नोंदींत निदान झालेलेच दिसतात. ज्यांच्या व्याधीला अद्याप नाव मिळालेले नाही, ते गणनेबाहेरच राहतात.