चाक वाजवून पाहण्याचे दिवस

वर्धा शहर आणि वर्ध्याची रेल्वे जवळपास एकाच वयाची. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळ्या काढलेल्या या जिल्ह्याचा कारभार आधी पुलगावजवळच्या कवठ्याहून चालायचा. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी नवे शहर वसले आणि पुढच्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळकडून आलेली लाईन नागपूरला पोचली. रेल्वेच्या आधी या भागातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. आता तो बंडीत भरून स्टेशनावर आणला की पुढची काळजी आगगाडीची. १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशाकडे फाटा निघाला, १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी ही छोटी लाईन सुरू झाली, आणि जिल्ह्याचा सगळा माल कुठल्या ना कुठल्या चाकावरून फिरू लागला.

मालधक्क्यावर बंडी आणि वाघिणी शेजारी शेजारी उभ्या राहत. दोघींच्या चाकांत एक जवळचे नाते होते. बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड ठेवतो. गोवऱ्यांच्या जाळात धाव तापून पसरली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. सव्वाचार मीटर घेराची धाव ५०० अंशांनी तापली, तर अडीच सेंटिमीटरच्या आसपास वाढते. गार होताना ती तेवढीच आवळते आणि तुंबा, आरे, पुठ्ठे यांना घट्ट धरून ठेवते. विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की हीच पकड सुटते, आरे खुळखुळू लागतात. चाक नाल्यात भिजत टाकले तर लाकूड फुगून काही दिवस निभावते. पण धावच झिजून पातळ झाली असेल, तर भिजवून काही होत नाही. अशी धाव लाकडाला आवळून धरू शकत नाही. हातोडीच्या ठोक्याला खणखणीत आवाज येण्याऐवजी बोदा आवाज आला, की शेतकऱ्याला पुढचे समजत असे.

रेल्वेच्या चाकाची रचनाही बराच काळ अशीच होती. मधले चाक वेगळे, आणि त्यावर तापवून चढवलेला पोलादी टायर. हा टायर रुळावर झिजायचा, ब्रेकखाली झिजायचा, आणि त्याची पकड सुटली तर काय होते हे इंग्लंडने १८७४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी पाहिले. ऑक्सफर्डजवळ शिप्टनला एका डब्याचा टायर तुटला आणि ३४ माणसे गेली. म्हणून मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली, की लांब दांड्याचा हातोडा घेतलेला माणूस एकेक चाक वाजवत पुढे जायचा. नाद शुद्ध असेल तर चाक ठीक. आवाज दबका आला तर टायर सैल किंवा कुठेतरी चीर. टायरपासून मधल्या चाकापर्यंत रंगाची एक सरळ रेघही ओढलेली असे. ती रेघ मध्येच तुटून दोन तुकडे पुढे-मागे झालेले दिसले, तर टायर चाकावर फिरला आहे हे कळायचे. साधी युक्ती, पण तिने किती प्रवासी सुखरूप घरी पोचवले असतील!

वर्धा स्टेशनाचा इतिहास सांगताना आपण १९३४ पासूनची गांधीजींची ये-जा सांगतो, जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीसाठी आलेले नेते सांगतो. ते सांगायलाच हवे. पण त्या गाड्यांखाली वाकून चाके वाजवणाऱ्यांची कला कोणी नीट लिहून ठेवली नाही, ही मराठी इतिहासलेखनातली खरी उणीव आहे.

चाकाची बरीचशी झीज होते ती थांबताना. सुरुवातीच्या काळात आगगाडीला सलग ब्रेक नव्हता. ड्रायव्हर शिट्टी द्यायचा आणि गार्ड आपल्या डब्यातले हँडब्रेकचे चाक आवळायचा. पुढे व्हॅक्यूम ब्रेक आला आणि सगळ्या डब्यांची चाके एकाच वेळी दाबली जाऊ लागली. दाबणारा ठोकळा बिडाचा. तो चाकापेक्षा मऊ ठेवलेला, कारण झिजायचे ते त्याने. चाक महाग, ठोकळा स्वस्त. कॅप्टन डग्लस गाल्टन यांनी १८७८ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्याबरोबर ब्रायटनच्या लाईनवर प्रयोग केले, तेव्हा दोन गोष्टी आकड्यांनिशी समोर आल्या. वेग वाढला की बिडाच्या ठोकळ्याची पकड कमी होते. आणि चाक पुरते जाम करून रुळावर घसरवले, तर गाडी लवकर नव्हे, उशिरा थांबते.

घसरलेल्या चाकावर त्या जागी सपाट चट्टा पडतो. मग प्रत्येक फेऱ्याला तो चट्टा रुळावर हातोड्यासारखा आदळतो. रेल्वेच्या भाषेत हा ‘फ्लॅट टायर’. प्रवासी डब्याला तो ५० मिलिमीटरपर्यंत चालतो, मालगाडीच्या वाघिणीला ६० पर्यंत. गाडी स्टेशनात शिरत असताना फलाटाच्या दोन्ही टोकांना उभे राहून ‘सी अँड डब्ल्यू’चे, म्हणजे कॅरेज अँड वॅगन विभागाचे, कर्मचारी हाच ठोका कानाने टिपतात. सुटला नसलेला ब्रेक, त्याचा धूर, तापलेले अ‍ॅक्सल हे सारे गाडी चालती असतानाच पाहायचे असते, कारण थांबलेल्या गाडीत यातले निम्मे दिसत नाही.

हळूहळू टायरवाली चाके गेली आणि एकसंध पोलादी चाके आली. हातोड्याची जागा गेजने घेतली. चंद्रपूरकडचा कोळसा हिंगणघाट-वर्ध्यावरून वाहणाऱ्या बॉक्सएन वाघिणीचे नवे चाक १००० मिमी व्यासाचे असते, आणि ९०६ ला ते बाद होते. मधल्या ९४ मिमीत त्याला कितीदा तरी लेथवर चढवून पुन्हा आकार देता येतो. बिडाऐवजी कॉम्पोझिट ठोकळे आले, ते जास्त टिकले, पण उष्णता स्वतःत फारशी घेत नसल्याने सगळा ताप चाकावर गेला. चाकाने रुळावर चालायचे आणि ब्रेकचा तापही सोसायचा, या दुहेरी ओझ्याची हद्द झाली होती.

मोटारींच्या दुनियेत या कोड्याचे उत्तर शर्यतीच्या मैदानावर सापडले. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते, पण जगाचे लक्ष वेधले ते १९५३ च्या ल माँ शर्यतीने. डनलॉपच्या डिस्क बसवलेल्या जॅग्वार सी-टाइपने ती जिंकली. २४ तास सारखे ब्रेक दाबूनही डिस्क तग धरते, कारण ती चारी बाजूंनी वाऱ्यावर उघडी असते. आजही शर्यतीत धावणाऱ्या गाडीची डिस्क बाद करताना पाहतात त्या गोष्टी त्याच: मायक्रोमीटरने मोजलेली सर्वांत पातळ जाडी, तापाने पडलेल्या चिरा कुठवर गेल्या, आणि चालकाच्या पायाला जाणवणारी थरथर.

२००० च्या सुमारास जर्मन बनावटीचे एलएचबी डबे भारतात आले आणि डिस्क रेल्वेखाली आली. प्रत्येक अ‍ॅक्सलवर दोन, म्हणजे एका डब्याला आठ. बावीस डब्यांच्या गाडीत त्या पावणेदोनशेच्या घरात जातात. हजार टनांची गाडी ताशी १३० किलोमीटरवरून थांबवायची, तर सुमारे १८० युनिट वीज भरेल एवढी ऊर्जा उष्णतेत जिरवावी लागते. वाट्याला येते दर डिस्कला एक युनिट, तेही मिनिटभराच्या आसपास. ६४० मिमी व्यासाची ही डिस्क नवी असताना ११० मिमी रुंद असते. दोन्ही अंगांनी सात-सात झिजून ९६ वर आली की बाद. पॅड ३५ मिमीचे, ते ७ पर्यंत चालतात. केसासारख्या बारीक चिरा तोंडावर दिसल्या तर घाबरायचे कारण नाही. तापणे-निवणे सोसणाऱ्या बिडावर त्या येतातच. पण चीर आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत गेली असेल, तर जाडी कितीही शिल्लक असो, डिस्क काढायची.

खरा कस मात्र मर्यादेच्या अलीकडे लागतो. समजा, वर्कशॉपमध्ये आलेल्या डब्याची डिस्क १०० मिमी भरली. नियमाने ती चालू शकते. पण पुढची मोठी तपासणी दीड वर्षाने किंवा सहा लाख किलोमीटरने येणार, आणि मागच्या तेवढ्याच प्रवासात ती ५ मिमी झिजली असेल, तर शिल्लक ४ मिमी वाटेतच संपतील. म्हणून मोजणाऱ्याला आजच्या आकड्याइतकाच मागच्या खेपेचा आकडाही लागतो. त्यात डिस्क दोन चाकांच्या मध्ये बसलेली; अखंड डिस्क बदलायची तर चाक प्रेसने अ‍ॅक्सलवरून उतरवावे लागते. ते चाकही ९१५ वरून झिजत ८४५ च्या जवळ आले असेल, तर दोन्ही एकदमच बदलली जातात. चाकात अजून बराच जीव असेल, तर दोन अर्ध्या तुकड्यांची, जागेवरच बोल्टने जोडता येणारी डिस्क बसवून चाक न उतरवता काम भागवता येते.