देवाचा कौल आणि माणसांचा कौल

कठीण प्रसंग आला की आमची कोकणातली माणसे देवाला कौल लावतात. संप चालू असताना गावी जाऊन कौल घेऊन आलेले सोबती आम्ही पाहिले आहेत. त्यांना आम्ही कधी हसलो नाही. उद्या कामावर जावे की न जावे, ह्या प्रश्नापाशी माणूस किती एकटा असतो, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु पुढारीच जर म्हणू लागला की मला आतून आज्ञा झाली, तर मागच्या हजारोंनी काय करावे? १९१८ साली अहमदाबादेत हा प्रश्न खराखुरा उभा राहिला होता.

१९१७ च्या प्लेगात मजूर शहर सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी जादा भत्ता दिला. साथ ओसरताच तो बंद करण्याचे ठरले. महागाई मात्र ओसरली नव्हती. मजुरांनी ५० टक्के वाढ मागितली. गांधीजींनी पगार आणि भाव ह्यांची चौकशी करून ३५ टक्के हा आकडा ठरविला. मालक २० च्या पुढे जाईनात. मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई, तर मजुरांच्या बाजूला त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन! २२ फेब्रुवारीला टाळेबंदी झाली. साबरमतीच्या काठी बाभळीखाली रोज सभा भरे, आणि ३५ टक्के मिळाल्यावाचून परतणार नाही ही शपथ पुन्हा उच्चारली जाई.

१२ मार्चला मालकांनी २० टक्के पत्करणाऱ्यांसाठी दरवाजे उघडले. घरात दाणा नव्हता. शपथ डळमळू लागली. एका चाळीत बोलणे निघाले की गांधी आणि अनसूयाबेन मोटारीतून येतात, पोटभर जेवतात. मरण आमचे आहे. हे शब्द गांधीजींच्या कानी गेले. १५ मार्चच्या सकाळी ते सभेत आले, तेव्हा त्यांना वाट दिसत नव्हती. बोलता बोलता उपवासाचा निश्चय आपोआप तोंडून बाहेर पडला, असे त्यांनीच आत्मकथेत लिहिले आहे.

१८ मार्चला तडजोड झाली. पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे मजुरांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांची राहिली. पुढे पंचांचा निवाडा येईतो साडेसत्तावीस. पंच आनंदशंकर ध्रुव ह्यांनी ऑगस्टमध्ये ३५ टक्केच दिले. १९२० मध्ये तेथे मजूर महाजन ही संघटना उभी राहिली.

ह्या हकिकतीत ती आतली प्रेरणा दैवी होती की नव्हती, ह्याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. आम्ही एवढेच पाहतो की तिच्या आधी हिशेब झाला होता, आणि तिची किंमत ज्याला ती झाली त्यानेच प्रथम स्वतःच्या पोटावर घेतली. शिवाय, मालकांशी आपला स्नेह असल्यामुळे ह्या उपवासाचे दडपण त्यांच्यावर आले, हा दोष गांधीजींनी उघड कबूल केला. १९३३ च्या मे महिन्यात येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी २१ दिवसांचा उपवास आरंभिला, तोही अंतर्नादाच्या आधारावर. त्याच दिवशी त्यांची सुटका झाली आणि पुण्यातच तो पुरा झाला. आपण ऐकले त्याचा पुरावा देता येणार नाही, हे त्यांनी तेव्हाही लपविले नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. उपवासाने शपथ टिकली खरी; पण ती मजुरांनी स्वतःच्या बळावर टिकविली असे म्हणता येईल काय? प्रत्येक संपाला गांधी मिळत नाही. ईश्वराचे नाव घेऊन सभेचे मत टाळणारा पुढारी मात्र कोठेही मिळतो, आणि त्याची चूक झाली तर उपाशी राहतात ती दुसऱ्यांची मुले.

आपल्या भाषेत देवाच्या उत्तराला कौल म्हणतात आणि लोकांच्या निर्णयालाही कौलच म्हणतात. पुढाऱ्याने देवाला अवश्य विचारावे. आम्हीही वाईट रात्री विचारले आहे. मात्र मिळालेले उत्तर सकाळी सभेपुढे ठेवावे, हिशेबासह ठेवावे, आणि नको म्हणणाऱ्याचा हात वर झाला तर तोही मोजावा.