मधाचा पहिला थेंब



मधुबिंदूचं चित्र आपल्यापैकी बहुतेकींनी लहानपणी बस्तीच्या किंवा पाठशाळेच्या भिंतीवर पाहिलेलं असतं. फांदीला लटकलेला माणूस, खाली विहिरीत अजगर, फांदी कुरतडणारे दोन उंदीर, एक काळा, एक पांढरा, आणि वरून तोंडात टपकणारा मध. ही गोष्ट भारतातून निघून देशोदेशींच्या भाषांतून फिरत थेट रशियापर्यंत पोचली. लिओ टॉलस्टॉयनं ती आपल्या ‘कन्फेशन’ या पुस्तकात सांगितली आहे. पन्नाशीला आलेल्या या नावाजलेल्या लेखकाला तेव्हा सगळंच व्यर्थ वाटू लागलं होतं. मला गोड लागणारे थेंब दोनच होते, एक कुटुंबाचं प्रेम आणि दुसरा लेखन, आता तेही गोड लागत नाहीत, अशा अर्थाचं तो लिहितो.

मी वाचताना तिथेच थांबले. त्या पहिल्या थेंबाला नाव होतं. सोफिया, घरातली सोन्या.

त्यांचं लग्न झालं सप्टेंबर १८६२ मध्ये. तो चौतीस वर्षांचा, ती अठरा. मागणी घातल्यापासून आठवड्याच्या आत लग्न. त्याच आठवड्यात त्यानं आपल्या जुन्या डायऱ्या तिच्या हातात ठेवल्या. त्यात जुगार होता, बायका होत्या, गावातल्या एका शेतकरी स्त्रीशी असलेला संबंधही होता. लग्नाआधी सगळं खरं सांगून टाकावं, हा त्याचा हेतू. ती वाचून रडली. त्याचं मन मोकळं झालं आणि ओझं तिच्याकडे आलं. ते तिनं जन्मभर वागवलं.

सुरुवातीची वर्षं मात्र वाईट नव्हती. ‘वॉर अँड पीस’चे गिचमिड कागद ती पुन्हा पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवून देई. तेरा बाळंतपणं झाली, पाच मुलं लहानपणीच गेली. दोघांनाही डायरी लिहायची सवय होती आणि दोघं एकमेकांची डायरी वाचत. ऐकायला किती छान! पण हळूहळू तोंडावर बोलायचं ते डायरीत जाऊ लागलं, आणि लिहिताना समोरचा वाचणार हेही मनात असे. बोललेला शब्द निदान विरून तरी जातो. लिहिलेला दहा वर्षांनी काढून दाखवता येतो. (हल्ली ते काम व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट करतात.)

१८८० नंतर तो पालटला. पुढच्या काही वर्षांत मांसाहार सोडला, दारू-तंबाखू सोडली, शेतात नांगर धरला, बूट शिवायला शिकला. आपल्याला हे आवडण्यासारखंच आहे. मलाही आवडतं. पण मग जमीन नको, पैसा नको, असं सुरू झालं. १८८३ मध्ये त्यानं इस्टेटीचं मुखत्यारपत्र सोन्याच्या नावे करून दिलं. १८९१ मध्ये, १८८१ नंतरच्या लेखनाचे हक्क जाहीरपणे सोडून दिले. म्हणजे पैशाला हात न लावण्याचं पुण्य त्याचं, आणि मुलांची शिक्षणं, नोकरांचे पगार, शेतीचे आणि छपाईचे हिशेब तिचे. वर हिशेब बघते म्हणून लोभीही तीच.

जून १८८४ मध्ये भांडण करून तो पाठीवर पिशवी टाकून घरातून निघाला. तिचे दिवस भरले होते. अर्ध्या वाटेवरून तो परत आला, आणि त्याच रात्रीत मुलगी झाली.

पुढे त्यानं ‘क्रॉयत्झर सोनाटा’ लिहिली. संशयानं बायकोचा खून करणारा नवरा, आणि लग्नातही ब्रह्मचर्यच बरं, हा तिचा सूर. लोकांनी ती सोन्याच्या संसाराला लावली. तिनं काय करावं? १८९१ मध्ये ती झार अलेक्झांडर तिसरा याला जाऊन भेटली आणि बंदी असलेलं ते पुस्तक छापायची परवानगी घेऊन आली. त्याला उत्तर म्हणून तिनं स्वतः एक कादंबरी लिहिली, नाव ‘दोष कोणाचा?’ ती छापून यायला १९९४ उजाडलं.

इथे एक घरची गोष्ट सांगते. एका चातुर्मासात आमच्या ह्यांनी प्रवचनात उभं राहून वर्षभरासाठी काही नियम घेतले. मला ते शेजारच्या काकूंकडून कळलं. नियम चांगले होते, मी पाळायला मदतही केली, पण महिनाभर मला कशाचा राग येतोय हेच समजत नव्हतं. सोन्याचं वाचताना समजलं.

सोन्याही साधी नव्हती. शेवटच्या वर्षी ती त्याचे कागद धुंडाळी, अफू खाऊन मरेन म्हणे. त्यानं जुलै १९१० मध्ये जंगलात झाडाच्या बुंध्यावर बसून गुपचूप मृत्युपत्रावर सही केली. फक्त स्वतःसाठी म्हणून एक डायरी सुरू केली आणि बुटात लपवली. तीही तिला सापडली. एका रात्री ती शेजारच्या खोलीत कागद चाळतेय हे त्यानं ऐकलं, आणि ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस उजाडायच्या आत डॉक्टरला बरोबर घेऊन घरातून निघून गेला. ते कळल्यावर तिनं तळ्यात उडी घेतली. तिला बाहेर काढलं. थोड्याच दिवसांत अस्तापोवो नावाच्या छोट्या रेल्वे स्टेशनवर तो न्यूमोनियानं पडला. ती तिथे पोचली, पण मुलांनी आणि डॉक्टरांनी तिला आत जाऊ दिलं नाही. ती खिडकीतून बघत राहिली. आत सोडलं तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसाराची क्षमा तिनं त्याच्या कानाशी मागितली.

कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’त मुनिदीक्षेची वाट सांगताना आधी आप्तांचा निरोप घ्यायला सांगितलं आहे. वडीलधारे, पत्नी, मुलं यांनी मोकळं केल्यावर पुढे जायचं. पत्नीचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे.

टॉलस्टॉयनंही निरोप लिहिला होता, पण १८९७ मध्ये. त्या पत्रात तो म्हणतो, हिंदू लोक साठीला आले की वनात जातात, तसं मला जायचं आहे. पुढे पस्तीस वर्षांच्या सोबतीबद्दल प्रेमानं आभार मानलेत, तुझा दोष नाही असंही लिहिलंय. तेव्हा तो गेला नाही, आणि पत्र त्यानं खुर्चीच्या गादीच्या अस्तरात दडवलं. सोन्याला ते मिळालं तो गेल्यानंतर.