सायकल चालवल्यानं खरंच गुडघे झिजतात का? सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘गुडघे झिजतात’, ‘पुरुषांनी जास्त चालवू नये’, ‘मुलांची उंची वाढते’... सायकलबद्दलचे असे मेसेज सतत फिरत असतात. काही उगाच घाबरवतात, तर काही भलत्याच आशा लावतात. परिणाम मात्र एकच: कुणी भीतीनं सायकल सोडतं, कुणी निराश होऊन. म्हणून हे समज एकेक करून तपासूया.

१. सायकलमुळे गुडघे झिजतात

सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीट पेलते. त्यामुळे धावताना बसतो तसा धक्का गुडघ्याला बसत नाही. अमेरिकेतल्या सुमारे २,६०० जणांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आयुष्यात कधी ना कधी नियमित सायकल चालवली होती, त्यांच्यात गुडघेदुखी आणि झिजेचा संधिवात तुलनेनं कमी आढळला.

तरीही गुडघा दुखत असेल, तर आधी सीट तपासा. सीट फार खाली असेल किंवा सतत जड गिअरवर जोर लावला, तर गुडघ्यावर ताण येतो. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्यानं पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो.

२. पुरुषांच्या लैंगिक क्षमतेवर वाईट परिणाम होतो

सीटचा दाब तिथल्या नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर येतो, हे खरं आहे. त्यामुळे मुंग्या येऊ शकतात. पण २०१८ साली ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’मध्ये आलेल्या अभ्यासात सायकलपटूंची तुलना जलतरणपटू आणि धावपटूंशी केली होती. लैंगिक क्षमतेत सायकलपटू मागे आढळले नाहीत. बधिरपणाची तक्रार मात्र त्यांच्यात जास्त होती. मुंग्या आल्या तर अधूनमधून उभं राहून पेडल मारा आणि सीटची उंची व कल बदलून पाहा. तरी त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

३. मुलींनी सायकल चालवू नये

या समजामागे योनिपटलाबद्दलची भीती असते. योनिपटल ही लवचिक त्वचेची घडी असते. तिचा आकार प्रत्येकीत वेगळा असतो आणि वयानुसार बदलतोही. ते पाहून लैंगिक संबंध आला की नाही, हे सांगताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेसह संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०१८ मध्येच ‘कौमार्य चाचणी’ला वैद्यकीय आधार नसल्याचं स्पष्ट केलं आहे. मासिक पाळीतही त्रास होत नसेल, तर सायकल चालवायला हरकत नाही.

या गैरसमजाची किंमत सर्वांत मोठी आहे. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून गावातल्या गरजू विद्यार्थिनींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात, कारण वाहनाची सोय नसेल तर अंतरामुळे शिक्षण सुटतं. अशा मुलीची सायकल बंद करणं म्हणजे तिची शाळाच धोक्यात घालणं.

४. शहरातल्या प्रदूषणात सायकलचा तोटाच जास्त

केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली याचं गणित मांडलं. तेव्हाच्या दिल्लीच्या सरासरी प्रदूषणातही, आठवड्याला पाच तासांपर्यंतच्या सायकलिंगचा फायदा तोट्यापेक्षा जास्त होता. अर्थात हे वार्षिक सरासरीचं गणित आहे. हवा खूपच खराब असेल त्या दिवशी थांबावं. दमा किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुख्य रस्त्याऐवजी आतले, कमी गर्दीचे रस्ते निवडावेत.

५. सायकल चालवली की उंची वाढते

उंची मुख्यतः आनुवंशिकतेवर आणि बालपणातल्या पोषणावर ठरते. किशोरवयाच्या अखेरीस हाडांच्या टोकाची वाढ थांबते. त्यानंतर कोणत्याही व्यायामानं उंची वाढत नाही. वाढत्या वयातल्या मुलांसाठी सायकल उत्तम व्यायाम आहे, पण उंचीचा उपाय म्हणून नाही.

६. सायकल असली की दुसरा व्यायाम नको, पोटही उतरतं

व्यायामानं ठरावीक जागेचीच चरबी कमी करता येत नाही. वजन घटलं तर चरबी शरीरभरातून कमी होते आणि त्यात आहाराचा वाटा मोठा असतो. दुसरं म्हणजे, वजन सीटवर असल्यामुळे गुडघे वाचतात, पण त्याच कारणानं हाडांना बळकट करणारा भार मिळत नाही. म्हणून चालणं, जिने चढणं किंवा वजन उचलण्याचे व्यायाम सोबत हवेत.

मग फायदा किती?

ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास २०१७ साली ‘बीएमजे’मध्ये आला. कार किंवा सार्वजनिक वाहनानं कामावर जाणाऱ्यांपेक्षा सायकलनं जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्के कमी दिसला. हे सगळं श्रेय एकट्या सायकलचं आहे, असं यातून सिद्ध होत नाही. पण हृदयासाठी ती चांगली, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे.

प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास सायकल चालवली, तरी सुरुवात झाली. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा गुडघा सुजला, तर मात्र थांबा आणि डॉक्टरांकडे जा.