इंजिनाच्या ठोक्याचें निदान

जुन्या मोटारीनें घाट चढलेल्या श्रोत्यांस तो आवाज परिचयाचा असेल. चढ लागतांच गाडी अडखळूं लागते; चालकानें पाय दाबला तरी ती वेग घेत नाहीं; आणि कोणी हातोडीनें पत्रा ठोकीत असावें तशी खटखट यंत्राच्या पोटांतून ऐकूं येते. मिस्त्री लोक या व्याधीचे दोन प्रकार मानतात. ठिणगी चुकली व सिलिंडरांतील मिश्रण पेटलेंच नाहीं, तर गाडी 'मिसिंग मारते'. मिश्रण पेटलें, पण भलत्या रीतीनें पेटलें, तर ती 'ठोकते'. दोहोंत शक्ति वायां जाते, परंतु दोहोंचें मूळ एक नव्हे. हा भेद आज कोणताही जाणता मिस्त्री सांगेल. तो उमगण्यास मात्र बरींच वर्षें लागलीं, आणि त्या शोधाच्या पोटीं एक मोठा अनर्थही जन्मास आला.

अमेरिकेंतील ओहायओ संस्थानांत डेटन नांवाचें शहर आहे. तेथें चार्ल्स केटरिंग यानें एडवर्ड डीड्स याच्या साह्यानें १९०९ सालीं डेल्को कंपनी काढली. त्याची बॅटरीवर चालणारी ठिणगीची योजना कॅडिलॅक मोटारींवर बसली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर त्याचा विजेचा स्टार्टर आला. हँडल मारण्याचे कष्ट व त्यांत हात मोडण्याचें भय संपलें. परंतु इंजिनें ठोकतात अशी ओरड होऊं लागली, तेव्हां बोट दाखविलें गेलें तें केटरिंगच्या ठिणगीकडे. जी वस्तु नवी, तिच्याच माथीं खापर फुटावें, ही जगाची रीतच आहे.

पुढें डेल्कोनें शेतकऱ्यांच्या घरीं वीज पुरविणारीं लहान यंत्रें काढलीं. तीं रॉकेलवर चालविलीं कीं पेट्रोलपेक्षां अधिक ठोकत. तेव्हां दोष ठिणगीचा कीं तेलाचा, असा प्रश्न उभा राहिला. तो केटरिंगनें १९१६ सालीं टॉमस मिजली या तरुणाकडे सोंपविला. मिजली कॉर्नेल विद्यापीठाचा यंत्रशास्त्राचा पदवीधर होता. रसायनशास्त्र त्याचा विषय नव्हे. ठिणगी पडण्यापूर्वींच मिश्रण पेटतें, असा तेव्हां पुष्कळांचा समज होता. मिजलीनें सिलिंडरांतील दाब क्षणोक्षणीं नोंदून पाहिला. ठोका पडतो तो ठिणगीच्या मागाहून, असें दिसून आलें. ज्वाला एका बाजूनें पुढें सरकते. उरलेलें मिश्रण तिच्यापुढें चेपलें जातें, तापतें, आणि ज्वाला पोंचण्यापूर्वींच एकदम भडकतें. दाब अकस्मात् उसळतो व दट्ट्यावर घाव बसतो. ठिणगी निर्दोष ठरली.

यापुढील प्रसंग मोठा मनोरंजक आहे. रॉकेलची वाफ उशिरां होते, म्हणून ठोका पडत असावा, असा तर्क निघाला. बर्फांतही लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीचीं पानें खालून तांबडीं असतात. तो रंग उष्णता शोषीत असेल, तर तेलही तांबडें करून पहावें, असें ठरलें. तेलांत विरघळणारा तांबडा रंग कोठारांत नव्हता. हातीं आलें तें आयोडीन. तें मिसळतांच ठोका थांबला. दुसरा कोणी असता तर येथेंच आनंदोत्सव करिता. मिजलीनें इतर तांबडे रंग घालून पाहिले. त्यांनीं कांहींच घडलें नाहीं. मग आयोडीनचें रंगहीन संयुग घातलें, तों ठोका पुन्हां थांबला. तर्क खोटा ठरला, गुण मात्र खरा निघाला. कारण रंगांत नसून द्रव्यांत होतें.

त्यानंतर शेंकडों द्रव्यांची परीक्षा झाली. ॲनिलीन चाललें; टेलुरियमही चाललें, परंतु त्याची दुर्गंधी अंगास व कपड्यांस सुटेना. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजीं टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचें एक संयुग, इंजिनांत घातलें गेलें व खटखट बंद पडली. मद्यार्कानेंही ठोका थांबतो हें मिजलीस ठाऊक होतें. परंतु मद्यार्क पुष्कळ मिसळावा लागे, शिशाचें थोडेंसें द्रव्य पुरे. फेब्रुवारी १९२३ मध्यें डेटन येथें हें पेट्रोल विक्रीस आलें. त्यास नांव दिलें 'एथिल'. नांवांत शिशाचा उल्लेख नव्हता.

शिसें विषारी आहे हें शतकानुशतकें माहीत होतें. खुद्द मिजलीस १९२३ च्या आरंभीं त्याची बाधा झाली होती. ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील कारखान्यांत या द्रव्याच्या विषानें पांच कामगार मेले. कित्येकांस भ्रम झाला. त्याच महिन्यांत मिजलीनें वार्ताहरांसमोर तें द्रव्य हातांवर घेतलें व हुंगूनही दाखविलें. १९२५ च्या मे महिन्यांत सरकारी परिषद भरली. व्यवसायजन्य रोगांच्या जाणत्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनीं स्पष्ट विरोध केला. विक्री कांहीं काळ थांबली. पण १९२६ मध्यें, बंदी घालण्यास पुरेसें कारण नाहीं, असा निर्वाळा समितीनें दिला, आणि शिशाचें पेट्रोल जगभर पसरलें.

गंमत अशी कीं, ठोका थांबविणाऱ्या शिशाचे थर स्पार्क-प्लगवर बसून ठिणगीच चुके; म्हणजे एक रोग बरा करितांना दुसऱ्यास आमंत्रण मिळे. तो थर धुरावाटें बाहेर जावा म्हणून पेट्रोलांत आणखी एक द्रव्य घालावें लागलें. इंजिन स्वच्छ राहिलें. शिसें हवेंत गेलें. १९६५ सालीं क्लेअर पॅटरसन यानें, मनुष्याच्या देहांतील शिशाचें प्रमाण नैसर्गिक प्रमाणाहून कितीतरी वाढलें आहे, असें दाखवून दिलें. मुलांच्या बुद्धीवरील त्याचा दुष्परिणाम पुढें सिद्ध झाला. भारतांत २००० सालीं शिशाचें पेट्रोल बंद झालें. मोटारींसाठीं तें विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तेथें २०२१ सालीं.

निदानाच्या कामीं मिजलीची बरोबरी करणें कठीण. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, यश आलें तरी तें कां आलें हें तपासावें, हा त्याचा धडा प्रत्येक मिस्त्रीनें गिरवावा असा आहे. तपास थांबला तो औषध सांपडल्यावर. आयोडीनच्या वेळीं जी शंका त्यानें स्वतःच्या तर्काविषयीं घेतली, ती शिशाविषयीं घेणारे लोक त्याच्याच काळीं होते. त्यांचें ऐकण्यास जगास अर्धें शतक लागलें.