सुरतेच्या वाटेवरील हूल

परमुलखातून सोडलेली खोटी बातमी एखाद्या राज्याचे राजकारण कितपत फिरवू शकते, हा प्रश्न आज रशियन प्रचाराच्या संदर्भात मोठ्या हिरिरीने विचारला जातो. परंतु सुरतेतील उधन्याजवळच्या आणि खानदेशातून यंत्रमागांवर आलेल्या मराठी कुटुंबांनी गजबजलेल्या बमरोलीच्या परिसरात तो प्रश्न फार जुना आहे.

१६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची फौज सुरतेच्या वाटेवर गणदेवीला आली, तेव्हा आपण बादशाही सरदार असून गुजरातचा सुभेदार महाबतखान याच्या कुमकेस निघालो आहोत, अशी हूल तिने उठविली होती. ही हूल फार तर एका मजलेपुरती टिकली. ५ तारखेच्या सकाळी खरी वार्ता पोहोचताच सुरतेचे लोक बायकामुलांसह तापीपार धावले. मग शहर पडले कशाने? हाकिम इनायतखान पाचशे शिबंदीचा तनखा सरकारी खजिन्यातून उचलत होता आणि शिबंदी मात्र ठेवीत नव्हता; शहराला धड तट नव्हता; सावकार लाच देऊन किल्ल्यात आसरा मिळवीत होते, आणि खुद्द हाकिमही तेथेच दडला होता. वार्ता साऱ्या शहरात एकच होती. तरी सर जॉर्ज ऑक्झेंडनने मूठभर माणसांनिशी इंग्रजांची वखार राखली.

७ तारखेस इनायतखानाच्या वकिलाने भेटीच्या मिषाने महाराजांवर खंजीर उपसला, तेव्हा महाराज मारले गेले असे वाटून छावणीत बंदिवानांच्या कत्तलीची आरोळी उठली. महाराज स्वतः उठून उभे राहिले, त्यांनी कत्तल मना केली, आणि ती आवई जागच्या जागी विरली. ज्याच्या शब्दावर विश्वास आहे असा अधिकारी समोर असला, म्हणजे अफवेचे आयुष्य किती अल्प असते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीसंबंधी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ट्विटरवरील रशियन प्रचारापैकी सत्तर टक्के मजकूर पाहणीतील केवळ एक टक्का लोकांपुढे गेला होता, आणि त्यामुळे मते पालटल्याचा पुरावा मिळाला नाही, असे आढळले. तरीही खानदेशाचे स्मरण होताच माझे समाधान टिकत नाही. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्यांची आवई देशभर पसरली, तेव्हा हातोहात फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केलेली होती. तिचा उलगडा करणारा शेवट छाटला गेला होता. त्या आवईच्या दिवसांत, १ जुलै रोजी, खानदेशातल्याच धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कचेरीत, जेथे त्यांचे नाव-गाव विचारून खातरजमा करणे सर्वांत सोपे होते.