सातच्या आंत बातमी नाहीं

विलायतेंतील नभोवाणीचा जन्म लोकसेवेच्या हेतूनें झाला नाहीं. बिनतारी यंत्रें बनविणाऱ्या कारखानदारांना आपला माल खपवावयाचा होता. पण ऐकावयास कांहीं असल्याखेरीज यंत्र घेणार कोण? म्हणून त्यांनीं १९२२ च्या ऑक्टोबरांत ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली, आणि १४ नोव्हेंबरपासून लंडनहून रोजचें ध्वनिक्षेपण सुरू झालें. जाहिराती घ्यावयाच्या नाहींत. खर्च चालावयाचा तो यंत्रविक्रीवरील पट्टीवर व श्रोत्यांच्या दहा शिलिंगांच्या वार्षिक परवान्यावर.

या नव्या पाहुण्याची खरी धास्ती घेतली ती वर्तमानपत्रांच्या मालकांनीं. त्यांच्या धंद्याचें गणित सरळ होतें. खपावर जाहिराती, आणि खप ताज्या बातमीवर. तीच बातमी घरबसल्या कानीं पडूं लागल्यावर सायंपत्रासाठीं पेनी कोण मोजील? त्यांनीं आपलें वजन खर्च करून निर्बंध घालविले. संध्याकाळीं सातपूर्वी बातमी सांगावयाची नाहीं. सांगावयाची ती रॉयटरप्रभृति वृत्तसंस्थांकडून विकत घेतलेलीच. पुढें १९२३ सालीं तर कार्यक्रमांचीं वेळापत्रकें छापण्याबद्दलहि त्यांनीं पैसे मागितले. त्यावर कंपनीनें २८ सप्टेंबर रोजीं ‘रेडिओ टाइम्स’ हें स्वतःचेंच साप्ताहिक काढलें, व तें धडाक्यानें खपलें! मालकांनीं स्वहस्तें आपला एक प्रतिस्पर्धी निर्माण केला.

१९२६ च्या मे महिन्यांत खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठीं सार्वत्रिक संप झाला. मुद्रक संपांत उतरले आणि बहुतेक वर्तमानपत्रें बंद पडलीं. ज्यांच्यासाठीं तो सातचा नियम होता, तींच उरलीं नाहींत! नऊ दिवस नभोवाणीवरून सकाळपासून पांच वेळां बातम्या ऐकूं येऊं लागल्या. लोक दुकानांच्या दाराशीं उभे राहून त्या ऐकत.

आतां संकट दुसऱ्या दिशेनें आलें. चर्चिल हे सरकारी ‘ब्रिटिश गॅझेट’ चालवीत होते. कंपनीहि ताब्यांत घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. व्यवस्थापक जॉन रीथ यांनीं ती वांचविली, पण किंमत देऊन. कामगारसंघांचीं निवेदनें बातम्यांत येत. परंतु पंतप्रधान बाल्डविन रीथ यांच्याच घरून राष्ट्राशीं बोलले असतां, विरोधी पक्षाचे नेते मॅक्डोनल्ड यांना संधि मिळाली नाहीं. समेटाचें आवाहन करूं इच्छिणाऱ्या कँटरबरीच्या धर्माचार्यांनाहि प्रथम थांबविण्यांत आलें. आपण खरोखर निःपक्षपाती राहणार नाहीं, असा सरकारला भरंवसा होता, ही कबुली खुद्द रीथ यांनींच आपल्या रोजनिशींत लिहून ठेविली. असा प्रामाणिकपणा रोजनिशींतच शोभतो. श्रोत्यांना तो कळला नाहीं.

१२ मे रोजीं संप मिटला, आणि बातमी पुन्हां संध्याकाळची झाली. १ जानेवारी १९२७ पासून राजसनदेनें कंपनीचें महामंडळ झालें. नफा नाहीं, भागीदार नाहींत. बातमीच्या वेळा मात्र सावकाश सैल होत गेल्या. नियम पुरते सुटले ते १९३९ च्या महायुद्धानें.

हिंदुस्थानांत त्याच वर्षीं, २३ जुलै १९२७ रोजीं, लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईचें केंद्र उघडलें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी विलायतेच्या वाटेनेंच निघाली होती. परवाना दहा रुपयांचा. पण परवानेवाले जमेनात, आणि भांडवल तोकडें. १९३० च्या मार्चांत कंपनीनें दिवाळें काढलें व १ एप्रिलला केंद्रें सरकारनें घेतलीं. येथें सनद वगैरे कांहीं नव्हतें. पांचच दिवसांनीं दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललें गेलें.

त्याच महिन्याच्या १८ तारखेस, गुड फ्रायडेच्या दिवशीं, लंडनच्या निवेदकानें बातमीपत्राच्या वेळीं ‘आज बातमी नाहीं’ एवढेंच सांगितलें, आणि पुढें पियानो वाजला. दिवसभरांत सांगण्याजोगें कांहीं हातीं आलें नव्हतें, म्हणून भरताड भरलें नाहीं. हें धैर्य खप सांभाळणाऱ्या पत्राला परवडतें ना! मात्र त्याच रात्रीं चितगांवांत सूर्य सेन यांच्या साथीदारांनीं शस्त्रागारांवर छापा घातला होता, आणि तारयंत्रें तोडून टाकलीं होतीं.